म्हातारा पाऊस, लांबडं आणि वगार : डोंगरातली बोली कुणाकुणाला आठवते?

तरवा (धागाकर्ती)

यंदा मिरगाच्या आधी आईला डोंगरावरून खाली कोल्हापुरात आणलं. वय ७४, गुडघे धरलेत. आमच्या वाड्यावर पावसाळ्यात माणूस आजारी पडलं की घोंगडीची झोळी करून चौघांच्या खांद्यावरून उतरवावं लागतं. ती वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून आणलं.

आमचा वाडा राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या रानाच्या कडेला. आम्ही डंगे धनगर. डांग म्हणजे दाट रान, त्यावरून डंगे, असं आमच्यात सांगतात. धनगर म्हटलं की लोकांना मेंढरं दिसतात, पण मी लहानपणी वाड्यावर एक मेंढरू पाहिलं नाही. आमच्या म्हशी. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावड्यापासून खाली भुदरगड, आजरा, चंदगडपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर असे वाडे विखुरलेत. कुठे पाच घरं, कुठे पंधरा. घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणामातीचं लिंपण. एका आढ्याखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी. पावसाळ्यात म्हशींची ऊब घरालाच मिळायची आणि चुलीच्या धुरानं गोमाश्या लांब राहायच्या.

तर आई आली आणि गप्प झाली. सकाळी उठून खिडकीत बसायची, संध्याकाळी तिथेच. विचारलं तर "बरं हाय की." आम्हाला वाटलं तब्येत. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. वाड्यावर जिचा आवाज पलीकडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, ऐकू जायचा ती बाई दिवसाला दहा वाक्यं बोलेना.

मग जुलैच्या शेवटी एकदा टीव्हीवर राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी लागली. आई एकदम म्हणाली, "म्हातारा लागला न्हवं का!"

माझी लेक ११ वर्षांची. तिनं विचारलं, "कोण म्हातारा, आज्जी?"

तेवढंच निमित्त झालं. "आगं, पाऊस. आधी मिरग. मग आडदरा. मग तरणा, त्यो रेटून पडतूय, तरण्या पोरागत. मग म्हातारा. त्यो दम खात-खात पडतूय, पर लई चिवट, आठ-आठ दिस उघाप देत न्हाई. मग आसळका. मग सासूचा, मग सुनांचा." लेकीनं वही आणली. मी पंचांग काढून जुळवलं: आडदरा म्हणजे आर्द्रा, तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा पुष्य, आसळका आश्लेषा, सासूचा मघा, सुनांचा पूर्वा. आईनं पंचांग कधी हातात धरलेलं नाही, तरी तिचा म्हातारा तारखेला बरोबर होता.

त्या दिवसापासून वही भरतेय. काही शब्द मला येत होते आणि मी ते कधी सोडले ते मलाच कळलं नव्हतं. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, 'लांबडं' म्हणायचं. बिबट्याला वाघरू, आणि अंधार पडल्यावर तेही नाही, नुसतं 'जनावर'. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. डब्यातलं पीठ संपत नाही, वाढतं. कुणी निघालं तर 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. लेक म्हणाली, "आई, मग आज्जी सगळं उलटं बोलते?" उलटं नाही. त्या रानात रात्री कुडापलीकडे काय उभं असेल ते माहीत नसायचं, म्हणून बोलताना हात राखून बोलायचे.

आई आमची वयं काढते तीही कारवीवर. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळी एकदम, डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, त्या साली मध उतू जातो. "कारवी फुलली त्या साली तुझा भाऊ झाला. मधली एक गेली, मग तू." शाळेच्या दाखल्यावरची माझी तारीख मास्तरांनी लिहिलेली आहे. आईची तारीख मला जास्त खरी वाटते.

तुमच्याकडे, डोंगराच्या कुठल्याही अंगाला, काय म्हणायचे, काय करायचे, ते इथे लिहा. पावसाची, जनावरांची, स्वयंपाकाची, शिव्यांची सुद्धा. लेकीची वही आणि हा धागा मी सोबत चालवणार आहे.

---

पंचगंगाकाठ

वाचून अंगावर काटा आला. मी शुक्रवार पेठेतला, डोंगर बघितला तो सहलीपुरता. पण तुमचा म्हातारा पाऊस आमच्या दारात येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या सगळ्या तुमच्या बाजूनं उतरतात, प्रयाग चिखलीला एक होतात आणि पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त, असं वडीलधारी सांगत आलेत. दरवाजे उघडले की आम्ही राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. २०१९ ला आमच्या सोप्यात छातीइतकं पाणी होतं.

आणि आषाढात तेच नवं पाणी बायका घागरीत भरून वाजतगाजत टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीला नेतात. त्या वाजपाचं 'पी ढबाक' ऐकल्याशिवाय पावसाळा लागल्यासारखा वाटत नाही. लहानपणी आजी त्या पाण्याला हात जोडायला लावायची. हे पाणी कुणाच्या दारावरून आलंय हा विचार आज पहिल्यांदा डोक्यात आला.

---

बावड्याची सून

मी पुण्यात वाढले, लग्न होऊन गगनबावड्यात आले त्याला १४ वर्षं झाली. सुरुवातीची एक गोष्ट सांगते. सासूबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "आम्ही जेवायलोय." मला वाटलं कुठेतरी जेवायला निघाल्यात. "बरं, नंतर करते," म्हणून ठेवला. त्यांच्या मनाला लागलं. सुनेनं दोन शब्द बोलायच्या आधी फोन ठेवला म्हणून. 'जेवायलोय' म्हणजे 'जेवत आहे' हे कळायला मला महिना गेला. काय करायलाईस, झोपायलोय, पाऊस पडायलाय. आता माझ्याच तोंडात तेच बसलंय आणि पुण्याला गेले की भाऊ चिडवतो.

दुसरं म्हणजे 'मी आलो'. माझी नणंद, शिकलेली, बँकेत नोकरी करणारी, घरी येते ती "आलो गं वैनी" म्हणत. कोल्हापुरातल्या बायका, पोरी सर्रास असं बोलतात. माझ्या मुलीला पुण्याच्या मैत्रिणी हसल्या तेव्हा ती रडत घरी आली. मी तिला सांगितलं, तुझी आजी, पणजी असंच बोलली, ह्यात चूक काही नाही. तरी तिनं शाळेत एक आणि घरात एक अशी दोन बोलणी करून घेतलीच. त्याचं मला वाईट वाटतं.

आणि 'गा'! "काय गा", "ये गा". पुरुषाला, पोराला मारलेली इतकी मायेची हाक मी दुसरीकडे ऐकली नाही.

---

शब्दवेचा

@बावड्याची सून, ह्यात शेजाऱ्याचाही वाटा आहे. कोल्हापूर कन्नडला लागून आहे. अण्णा, अक्का तर उघडच. आत्याला आपल्याकडे 'आत्ती' म्हणतात, कन्नडात अत्ते. आणि तूप! कन्नडात तुप्प. डंग्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून बाजारात नेलेली वस्तू, आणि तिचं नावसुद्धा सीमेच्या दोन्ही अंगांना चालतं.

माझी सूचना: नुसत्या गप्पा नकोत. अकारविल्हे यादी करू. शब्द, अर्थ, तालुका, वापरणाऱ्याचं वय. मी तक्ता करून देतो.

---

भंडारा

तरवाताई, मी हातकणंगले बाजूचा, हटकर. आमच्याकडं मेंढरं. तुम्ही म्हशीवाले हे बरं सांगितलंसा, न्हाईतर लोक सगळं एकाच घोंगड्यात गुंडाळत्यात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रंला या एकदा. भंडारा असा उधळत्यात की माणसं, देऊळ, रस्ता, समदं पिवळं. त्यात खोबरं आणि लोकर. फरांडेबाबा भाकणूक सांगत्यात, पाऊसपाणी, रोगराई, पिकाचा भाव, आणि हजारो माणूस चिडीचूप ऐकतंय. रातभर ढोल-कैताळावर गजीचा नाच. ओव्या म्हणायच्या तर आधी सुंबरान मांडायचं, देवाला बोलवल्याबिगर गोष्ट सुरू व्हत न्हाई.

आता तुमच्या आईच्या घोंगडीचं. ती आमच्याच मेंढराची आसंल बगा! आमी लोकर कातरायची, बायांनी सूत काढायचं, सनगरांनी विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची. खळ दिली की घोंगडं ताठ व्हतंय, पाणी निथळून जातंय. मेंढरू आमचं माळावरचं, घोंगडं गेलं तुमच्या डोंगरात.

---

तरवा

@भंडारा, दादा, हे आईला वाचून दाखवलं. तिनं आत जाऊन घोंगडी आणली. ती इथं अंथरायला नको म्हणून मी कपाटात ठेवली होती. म्हणाली, "खळ दिल्याली हाय, हात लावून बग." मग उठून डोक्यावरून तिची खोळ कशी घालायची ते लेकीला करून दाखवलं. एक टोक दुमडून टोपीसारखं कपाळावर, बाकीची पाठीवर. दिवसभर पावसात म्हशींमागं उभं राहायचं ते त्या खोळीत. रोपलावणीला मात्र इरलं, कारण वाकलेल्या पाठीवर घोंगडी जड होते. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यात पानं. दहा बाया ओळीनं वाकलेल्या असल्या की लांबून कासवं रांगेनं चालल्यासारखी दिसायची.

तुमच्यासारखी मोठी जत्रा आमच्याकडे नाही. आमची विठलाई दुर्गमानवाडची, आणि जोतिबा. दसऱ्याला वाड्यावरचा ढोल बाहेर निघतो. राईत देव आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. भावानं लहानपणी आणली होती, आजोबांनी त्याला परत नेऊन जिथली तिथे ठेवायला लावली, भर पावसात.

@शब्दवेचा, यादी करा, चालेल.

---

घाटवाट

मी घाटाखालचा, वैभववाडीकडचा. भुईबावड्याच्या वाटेनं एक धनगरीण मावशी आमच्या घरी यायची. डोक्यावर तुपाचं मडकं, हातात काठी. रस्ता होता, एसटी होती, पण ती पायवाटेनंच उतरायची. तूप देऊन मीठ, आमसुलं, सुकं बांगडं, दोन नारळ घेऊन जायची. पैसे कधी घेतलेले मला आठवत नाहीत. माप तिचं स्वतःचं असायचं आणि आई त्यावर कधी बोलायची नाही.

घाटावरच्या सगळ्यांनाच आम्ही 'घाटी' म्हणायचो आणि त्यात तुच्छता असायची, खोटं कशाला बोलू. पण त्या मावशीला कुणी घाटी म्हटलं नाही. ती आमची मावशी होती. एका पावसाळ्यानंतर ती आली नाही. वाटेची चौकशी करायला तेव्हा कुणी वर गेलं नाही, हे आज लिहिताना टोचतंय.

---

पाटी-पेन्सिल

मी प्राथमिक शिक्षक. नोकरीची पहिली सहा वर्षं शाहूवाडीतल्या एका वाड्याजवळच्या शाळेत काढली. तेव्हाची एक चूक सांगायची आहे.

तिसरीतल्या मुलीनं 'माझे घर' निबंधात लिहिलं: आमच्या घरात चार म्हशी आणि एक वगार हाय. मी 'हाय'चं 'आहे' केलं आणि 'वगार'वर लाल रेघ मारून 'म्हैस' लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा आले. भांडायला नव्हे, समजावून सांगायला. "गुरुजी, वगार म्हंजी अजून याल्याली न्हाई. तुमी म्हस लिवलासा. मग उद्या कोन म्हनंल, पाच म्हशींचं दूध कुटं हाय?"

मग त्यांनी पायरीवर बसून मला सगळी उतरंड सांगितली. जन्मलं की रेडकू, पारडू. मादी असली की रेडी. मोठी झाली, अजून व्याली नाही, ती वगार. पहिल्यांदा व्यायली की पहिलारू. मग म्हस. गाभण, दुभती, आटलेली, भाकड. दूध आत धरून ठेवलं तर ती पान्हा चोरते. पहिल्या दुधाचा चीक, त्याचा खरवस, आणि तो आधी देवाला, मग शेजारी, मग घरात. प्रत्येक शब्दामागे एक हिशोब आहे: हिला आंबोण, म्हणजे खुराक, किती, हिच्या दुधावर उधारी घ्यायची की नाही, ही विकायची की ठेवायची. माझ्या 'म्हैस' ह्या एका शब्दानं मी त्या मुलीच्या घरचा हिशोब चुकवला होता.

रेघ खोडून द्यायला मी वही मागितली. तिनं दिली नाही, "ऱ्हाऊ द्या गुरुजी" म्हणाली. ते अजून डोक्यात आहे.

@शब्दवेचा, राग मानू नका, पण तक्त्यात 'वगार : न व्यालेली तरुण म्हैस' एवढंच येईल. त्या आजोबांचा हिशोब त्यात कुठे बसवणार? ह्या माणसांना खुर्चीत बसवून शब्द विचारले तर ती गप्प होतात. काम करताना ऐका.

---

शब्दवेचा

राग नाही. पण नुसतं ऐकून सोडलं तर दहा वर्षांनी ऐकणाराही राहणार नाही. तरवाताईंच्या लेकीच्या वहीचीच गोष्ट घ्या. ती वही म्हणजे यादीच आहे, आणि त्या यादीमुळेच आज्जी बोलायला लागल्या.

---

पाटी-पेन्सिल

पावसामुळे बोलायला लागल्या. वही नंतर आली.

---

बावड्याची सून

दोघेही बरोबर आहात की हो. आमच्या सासूबाईंना मी 'पैरा' म्हणजे काय विचारलं तर म्हणाल्या, "पैरा म्हंजी पैरा." रोपलावणीला शेजारणी आल्या तेव्हा शेतात उभं राहून कळलं. आज सगळ्यांनी मिळून आमचं लावायचं, उद्या तिचं, परवा तिसरीचं. मजुरी नाही, फक्त दुपारची भाकरी ज्याचं शेत त्यानं द्यायची. आणि तुम्ही एक दिवस चुकवलात तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पुढच्या वर्षी तुमच्या शेतात एक बाई कमी येते. हे त्या दोन अक्षरांत आहे. यादीत लिहा, पण शेतात उभं राहून लिहा.

---

तरवा

दोन आठवडे इथं आले नाही. काय झालं ते सांगते.

गुरुजींचं वाचून मी शनिवारी बाजारातून दोन किलो नाचणा, एक लाकडी रवी आणि सात लिटर म्हशीचं दूध आणलं. विरजण लावलं. सकाळी आईसमोर मोठं पातेलं ठेवलं. ती आधी बघत राहिली. "हितं कशाला गं?" मग पदर खोचला. रवीची दोरी हातात घेतली आणि घुसळायला लागली, आणि तोंड सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. लोणी 'येतं' कधी, 'फुटतं' कधी, ताक 'तुटतं' कसं. थंडीत कोमट पाणी किती. तूप कढवताना नाचण्याचं पीठ चिमूटभर का टाकायचं. कुठल्या साली कुठली म्हस कड्यावरून गेली आणि ती वर काढायला किती माणसं लागली. रात्री नाचण्याचं पीठ ताकात भिजत घातलं, सकाळी लसूण ठेचून आंबील केली. माझ्या लेकीला आंबील आवडत नाही असं मी आठ वर्षं समजत होते. तिनं दोन वाट्या प्यायली. मी करते ती आंबीलच नव्हे, असं आईचं म्हणणं आहे.

लेकीनं त्या दिवशी वही उघडली नाही. फोन चालू करून पातेल्याजवळ ठेवला. साडेतीन तासांचं ध्वनिमुद्रण आहे, मध्ये रवीचा आवाज इतका आहे की काही शब्द नीट लागत नाहीत. @शब्दवेचा, ते मी तुम्हाला पाठवते, त्यातून यादी तुम्ही काढा. त्यासाठी तुमच्यासारखंच चिकाटीचं माणूस लागेल.

शेवटी लेकीनं विचारलं, "आज्जी, संध्याकाळी म्हशींना हाक कशी घालायचीस? एकदा घाल की." मला ती हाक आठवते. लांब, वर चढत जाणारी, आणि सड्यापलीकडून पहिली घंटी वाजेपर्यंत थांबायचं. आईनं तोंड उघडलं, खिडकीकडे बघितलं, आणि मिटलं.

"हितं कुनाला घालू? म्हसरं कुटं हाईत?"

परत विचारलं नाही.

दसऱ्यानंतर नाचणा कापायला वर जातोय. भावाकडे तीन म्हशी आणि एक वगार अजून आहे. आई येणार, दाजीपूरपर्यंत गाडीनं, पुढं भाऊ आणि पुतणे आणतील. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा.

---

शब्दवेचा

मी येतो. चांगलं रेकॉर्डिंगचं यंत्र आहे माझ्याकडे. दाजीपूरपासून चालत किती?

---

पाटी-पेन्सिल

मीही. शाळेला सुट्टी आहे.

---

घाटवाट

मी खालून फोंड्यानं येईन. काय आणू?

---

तरवा

चालत दीड तास, चढ आहे. बूट घाला, ओल्या जागी जळवा असतील. हाकेच्या वेळेला, म्हणजे दिवस मावळायच्या आधी, पोचायला हवं.

@घाटवाट, आईला विचारलं. म्हणाली, "कोकणातनं येतूय न्हवं? मग मीठ आन म्हनावं. जाडं."